ब्रुअरीतून आणलेला बार्लीचा चोथा आणि गच्चीवरचे खताचे पिंप

परसदारी (पुणे)

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षे मी सोसायटीच्या गच्चीवर भाज्यांच्या कुंड्या सांभाळते आहे आणि त्यांना लागणारे खत घरातल्या ओल्या कचऱ्यापासून तिथेच तयार करते. बाजूंना भोके पाडलेले दोनशे लिटरचे एक पिंप आणि शेजारी गांडुळांसाठी रचलेला विटांचा लहानसा वाफा, एवढाच माझा पसारा आहे. आजवर वासाबद्दल कोणी तक्रार केली नव्हती. या आठवड्यात ती आली, म्हणून हा धागा काढते आहे.

आमच्या घरापासून जवळच एक छोटी ब्रुअरी आहे. बिअर करताना उरलेले धान्य तिथे गोण्या भरून मागच्या दाराशी ठेवलेले असते, हे मला जातायेता दिसत असे. चौकशी केली तेव्हा तिथल्या कामगाराने सांगितले, "ताई, बार्लीचा भुसा आहे, खताला एकदम चांगला. हवा तेवढा न्या." गणपती नुकतेच झाले होते, निर्माल्याने आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्याने पिंप निम्मे भरले होते आणि उन्हाळ्यात साठवलेली वाळकी पाने संपत आली होती. भुसा मिळतोच आहे तर पानांची उणीव भरून निघेल, असा हिशेब करून मी साधारण २० किलोची एक गोणी आणली आणि एका संध्याकाळी ती सगळी पिंपात रिकामी केली. वर उरलेली घमेलेभर पाने पसरली.

दुसऱ्या दिवशी पिंप इतके तापले की आत हात घालवेना. आतले सगळे वाळून जाईल या भीतीने मी वरून दोन तांबे पाणी शिंपडले. तिसऱ्या दिवसापासून शिळ्या आंबोळीच्या पिठासारखा आंबट वास येऊ लागला आणि चौथ्या दिवशी तो ओकारीसारखा झाला. पाचव्या दिवशी मी काठीने सगळे तळापासून ढवळले, तेव्हा आंबट वास कमी झाला खरा, पण त्याऐवजी डोळे चुरचुरावेत असा, मुतारीत येतो तसला झोंबणारा वास सुटला. आता तळाच्या भोकांतून तपकिरी चिकट पाणी गळते आहे, वरच्या थरात अळ्या वळवळत आहेत आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आमच्या चेअरमनना लेखी पत्र दिले आहे.

हे सगळे फेकून द्यावे, की यातून अजून खत होऊ शकेल? या धान्यात मद्यार्क किंवा आम्ल उरलेले असते का आणि त्याने कुंड्यांतली झाडे जळतील का? शिवाय हा चोथा थेट गांडुळांना घातला तर चालेल का, तेही जाणकारांनी सांगावे.

मृद्गंध (राहुरी)

फेकू नका. तुमच्याकडे आलेला माल उत्तम आहे, फक्त त्याचे नाव चुकले आहे. भुसा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोरडे, हलके, काडीसारखे काहीतरी येते आणि खताच्या ढिगात आपण ते वाळक्या पानांच्या बाजूला मोजतो. ब्रुअरीतले हे धान्य रंगाने आणि टरफलांमुळे भुशासारखे दिसते, पण ढिगातली त्याची वागणूक पेंडीची आहे. तुम्ही वाळक्या पानांची उणीव भरून काढण्यासाठी २० किलो ओली पेंड ओतली आणि वर पाणी शिंपडले; पुढे जे झाले ते त्या मिश्रणात होणारच होते.

असे का, हे थोडक्यात सांगतो. सातू म्हणजे बार्ली भिजवून, मोड आणून भट्टीत वाळवली की तिचा माल्ट होतो. घरी नाचणीचे सत्त्व करणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. हा माल्ट भरडून सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. त्या उष्णतेत धान्यातल्याच विकरांमुळे (एन्झाइममुळे) पिष्टाची म्हणजे स्टार्चची साखर होते, ती पाण्यात उतरते, आणि तो गोड रस निथळून पुढे उकळण्यासाठी व आंबवण्यासाठी जातो. मागे राहतो तो हा चोथा. त्याचा यीस्टशी संबंधच आलेला नसतो, त्यामुळे त्यात मद्यार्क नसतो. पिष्ट निघून गेल्यामुळे उरलेल्या भागात टरफल आणि प्रथिने यांचे प्रमाण मूळ धान्यापेक्षा वाढलेले असते. कोरड्या वजनाच्या वीस ते पंचवीस टक्के प्रथिने, म्हणजे साडेतीन ते चार टक्क्यांच्या आसपास नत्र (नायट्रोजन), हे आकडे एरंडी पेंडीच्या जवळ जाणारे आहेत आणि शेणापेक्षा बरेच जास्त आहेत. ताज्या चोथ्याचा सामू (पीएच) साडेपाच ते सहाच्या दरम्यान, म्हणजे किंचित आम्ल असतो. खत पिकेपर्यंत तो आपोआप वर येतो, म्हणून त्यासाठी चुना वगैरे काही घालू नये.

आता तुमच्या गोणीचा हिशेब करू. ताज्या चोथ्यात ७५ ते ८० टक्के पाणी असते, तेव्हा २० किलोंपैकी साडेपंधरा किलो नुसते पाणी आणि साडेचार किलो कोरडा माल धरा. त्या कोरड्या मालात साधारण १६५ ग्रॅम नत्र आणि दोन किलोंहून थोडा अधिक कर्ब (कार्बन) आहे, म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर १३ च्या आसपास येते. खताच्या ढिगाला ते २५ ते ३० लागते. वाळक्या पानांचे गुणोत्तर ५० धरले, तर ही तफावत भरून काढायला १३ ते १४ किलो पाने हवीत. तेवढी पाने मिसळल्यावर एकूण मिश्रणाचा ओलावाही निम्म्यावर येतो आणि ढिगाला नेमका तेवढाच, ५० ते ६० टक्के, ओलावा हवा असतो. एकाच मापात दोन्ही कामे होतात. मात्र घरी कोणी पाने तागडीत तोलत बसत नाही, म्हणून मापाने सांगतो. २० किलो चोथा म्हणजे दोन मोठ्या बादल्या, आणि १३-१४ किलो चुरलेली पाने म्हणजे सुमारे सात बादल्या. एका बादलीला साडेतीन बादल्या, तीही पाने हाताने चुरून. न चुरता घातली तर कितीतरी अधिक जागा लागेल. तुम्ही एक घमेले घातले होते, आणि पिंपात आधीपासून असलेला कचराही ओलाच होता.

तुमच्या पिंपाने दोन वेगवेगळे वास दाखवले, ते बरे झाले, कारण त्यांवरून आत काय चालले होते ते स्पष्ट कळते. चोथ्याचे कण बारीक आणि ओले असल्यामुळे ते एकमेकांना चिकटून बसतात, मधली हवा संपते आणि हवेविना जगणारे जिवाणू त्यातली उरलीसुरली साखर आंबवू लागतात; तो आंबट आणि नंतरचा ओकारीसारखा वास त्यांचा. तुम्ही ढवळल्यावर हवा आत शिरली, आम्ल संपले, सामू वर चढला आणि प्रथिनांतून सुटलेले जादा नत्र अमोनियाच्या रूपाने उडू लागले. तो झोंबणारा वास त्याचा. पहिल्या वासावर इलाज हवा हा आहे आणि दुसऱ्यावर कर्ब. अमोनियाचा वास म्हणजे तुमच्या खतातले नत्र काकूंच्या खिडकीत चालले आहे, एवढे ध्यानात ठेवा.

काय करावे ते आता. शक्यतो दुपारी, शेजारपाजारच्या खिडक्या बंद असताना, पिंप एका ताडपत्रीवर रिकामे करा. तळाशी वीतभर जाडीचा नारळाच्या शेंड्यांचा आणि जाडसर काटक्यांचा थर द्या, म्हणजे पाणी निथळेल आणि खालून हवा येईल. मग बाहेर काढलेला माल आणि कोरडा माल बादल्यांनी मोजून, हाताने नीट कालवून परत भरा. नुसते थरावर थर देऊ नका, कारण चोथ्याचा थर दोन बोटांहून जाड झाला की त्याची ढेप बनते आणि आत पुन्हा तोच प्रकार सुरू होतो. सगळा माल एका पिंपात मावणार नाही, तेव्हा दुसरे पिंप किंवा भाजीचे दोन-तीन क्रेट तयार ठेवा. सर्वांत वर चार बोटे जाडीचा कोरडा थर किंवा जुन्या, पिकलेल्या खताचा थर द्या. वास आणि माशा या दोन्हींवर त्याच्याइतका स्वस्त उपाय नाही. चार-पाच दिवसांनी एकदा, नंतर आठवड्याला एकदा खालीवर करा आणि मूठ दाबून पाहा. बोटांतून पाणी ठिबकले तर आणखी कोरडे घाला. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि टिचकीने फुटला तर ओलावा बरोबर आहे.

सप्टेंबरमध्ये वाळकी पाने मिळणे अवघड असते, हे मान्य. पुण्यात 'ब्राउन लीफ' या उपक्रमातून पाने असलेले आणि पाने हवी असलेले लोक एकमेकांना गाठतात, तिथे विचारून पाहा. तोवर किराणा दुकानातली खोकी चिकटपट्टी काढून, हाताने फाडून घालता येतील. रसवंतीगृहातली उसाची चिपाडे दोन दिवस उन्हात वाळवून आणि तुकडे करून घातली तर फारच चांगली. सुताराकडचा लाकडाचा भुसा चालतो (इथे 'भुसा' हा शब्द योग्य आहे), पण प्लायवूड आणि एमडीएफ कापताना पडलेला नको, कारण त्यात डिंक आणि रसायने असतात. भाताचे तूस लवकर कुजत नाही, तरी हवा खेळती ठेवायला मूठ-मूठ मिसळावे.

एक गोष्ट राहिली. चोथ्यात नत्र भरपूर आणि स्फुरदही (फॉस्फरस) बऱ्यापैकी असते, पण पालाश (पोटॅशियम) अगदी कमी असते, कारण ते गोड रसाबरोबर वाहून जाते. फळभाज्यांना पालाश लागते, तेव्हा केळीच्या साली या पिंपात जरूर जाऊ द्या. लाकडाची राख घालायची असेल तर अमोनियाचा वास पूर्ण थांबल्यावर घाला. राख अल्कधर्मी असल्यामुळे आत्ता घातली तर उरलेले नत्रही उडून जाईल.

नानासाहेब (ठाणे)

वरचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, तरीही मला मुळातच हा खटाटोप पटत नाही. १०० लिटर बिअरमागे साधारण २० किलो ओला चोथा उरतो. छोट्या ब्रुअरीने एका वेळी हजार लिटर बिअर केली तरी २०० किलो झाला. २०१६ च्या घनकचरा नियमांनीच दिवसाला सरासरी १०० किलोंवर कचरा करणाऱ्यांना मोठे कचरानिर्माते धरले होते आणि कुजणारा कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली होती. असे असताना धंदा त्यांचा, कचरा त्यांचा, आणि त्यासाठी शेजाऱ्यांशी वाईटपणा मात्र परसदारी ताईंनी घ्यायचा, हे कशासाठी? घरातला कचरा गच्चीवर जिरवणे वेगळे आणि बाहेरचा कचरा पाठीवर वाहून आणणे वेगळे.

दावण (छत्रपती संभाजीनगर)

नानासाहेबांच्या म्हणण्यातला शेवटचा भाग मला पटतो, पण या मालाला कचरा म्हणणे पटत नाही. आमच्याकडे वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत बिअरचे कारखाने आहेत आणि तिथला चोथा दुधाचा धंदा करणारे लोक पैसे मोजून नेतात. मी स्वतः अकरा वर्षे तो गाईंना घालतो आहे. चांगला ताजा चोथा मिळत असेल तर त्याची पहिली जागा गव्हाण आहे. गाईच्या पोटातून गेला की दूधही मिळते आणि उकिरड्यासाठी शेणही मिळते. ज्यांच्या जवळपास गोठा आहे त्यांनी आधी तिथे विचारावे.

उकिरड्यावर जातो तो गाईला न चालणारा माल. हा चोथा फार नाशवंत असतो. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच आंबूस होतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोत्याच्या कडेने पांढरी, हिरवी बुरशी धरते. आम्ही पिंपात घट्ट दाबून, वर प्लास्टिक आणि वजन ठेवून तो काही दिवस टिकवतो, पण तोंडाशी थोडा खराब होतोच. असा बुरशी आलेला चोथा जनावराला अजिबात घालू नये, कारण बुरशीचे विष दुधात उतरते. खताला मात्र त्याच बुरशीची काही अडचण नसते. पोते उघडताना तोंडाला रुमाल बांधावा, कारण बुरशीची भुकटी छातीत गेली तर खोकला पाठ सोडत नाही. हे मी अनुभवाने सांगतो.

आमच्याकडे पानांऐवजी कापसाच्या पऱ्हाट्या, म्हणजे वेचणीनंतर उरलेली वाळकी झाडे, असतात. पूर्वी आम्ही त्या बांधावर पेटवून देत होतो. आता यंत्रातून बारीक करून घेतो आणि एक पाटी चोथ्याला चार पाट्या पऱ्हाटीचा चुरा, गव्हाणीत उरलेला कडबा आणि थोडे शेण असे मिसळून छातीएवढा ढीग घालतो. पऱ्हाटी जाड असल्यामुळे ढीग बसत नाही आणि आत हवा राहते. पहिले दहा दिवस ढिगातून सकाळी वाफा निघताना दिसतात. तीन पलट्या दिल्यावर साडेतीन-चार महिन्यांत काळे, भुसभुशीत खत हाती येते. शेतात एवढी उष्णता मिळण्याचे कारण ढिगाचा आकार हे आहे. हातभर लांबी, रुंदी आणि उंचीचा ढीग लवकर निवतो, म्हणून पिंपात करणाऱ्यांनी तणांचे बी आणि रोगट झाडे त्यात मरतील असे गृहीत धरू नये.

तुमच्या अळ्यांविषयी कोणी बोलले नाही म्हणून सांगतो. त्या पांढऱ्या, बारीक आणि एका टोकाला निमुळत्या असतील तर घरमाशीच्या आहेत, आणि वरचा कोरडा थर जाड ठेवणे एवढाच त्यांवरचा उपाय आहे. पण चपट्या, राखाडी-तपकिरी, अंगावर वळ्या असलेल्या आणि बोटाच्या पेराएवढ्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या आहेत. त्या चावत नाहीत, त्यांची माशी घरात येऊन अन्नावर बसत नाही आणि चोथा तर त्यांचे आवडते खाद्य आहे. आमच्याकडे कोंबड्या त्यांची वाट पाहत उकिरड्याजवळ बसून असतात. गच्चीवर कोंबड्या नसल्या तरी त्यांना मारू नका. काम संपले की त्या आपणच निघून जातात.

परसदारी (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. मृद्गंध यांनी सांगितल्याप्रमाणे काल पिंप रिकामे केले. खोक्यांचे तुकडे, रसवंतीवाल्याने फुकट दिलेली चिपाडे आणि एका ओळखीच्या सोसायटीने उन्हाळ्यापासून साठवलेली दोन पोती पाने असा कोरडा माल जमला. त्याने पिंप भरून तीन क्रेटही भरले, तरी प्रमाण बादलीला अडीच बादल्यांपर्यंतच गेले. अळ्या राखाडी आणि चपट्या आहेत.

नानासाहेब, आपला मुद्दा रास्त आहे. पण पाने नसताना फुकट मिळालेल्या मालाचा मोह मला झाला, हे कबूल करते. दोन प्रश्न उरले आहेत. तळातून गळालेले तपकिरी पाणी मी बादलीत जमवले आहे, ते पातळ करून कुंड्यांना द्यावे का? आणि गांडुळांविषयी अजून कोणी सांगितले नाही.

मृद्गंध (राहुरी)

ते पाणी कुंड्यांना देऊ नका. ते पिकलेल्या खताचे पाणी नाही, हवेविना कुजलेल्या कचऱ्याचे आहे, आणि त्यातली आम्ले कुंडीतल्या कोवळ्या मुळांना बाधतात. त्यात खोक्याचे तुकडे भिजवून ते परत ढिगात घाला.

गांडुळांना ताजा चोथा घालणे म्हणजे त्यांचा वाफा तापवून आणि अमोनियाने भरून त्यांना पळवून लावणे. पिंपातला माल निवला, वास गेला, मूळ धान्य ओळखू येईनासे झाले की मग तो गांडुळांना द्या, आणि तेव्हाही वाफ्याच्या एकाच कोपऱ्यात. गांडुळे स्वतःहून त्या कोपऱ्यात आली तर माल तयार आहे. दूर राहिली तर आणखी आठवडाभर थांबा. बादलीला अडीच बादल्या हे प्रमाण निभावून जाईल, फक्त अमोनियाचा वास पुढचे काही दिवस थोडा राहील.

सातूचे_पीठ (मिलवॉकी, अमेरिका)

मी मूळचा सांगलीचा आणि गेली चौदा वर्षे मिलवॉकीजवळ राहतो. जर्मनांनी वसवलेल्या बिअरच्या कारखान्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे आणि घरी बिअर करण्याचा छंद इथे कायदेशीर आहे. मी महिन्यातून एकदा १९ लिटरची खेप करतो. त्यासाठी पाच किलोंच्या आसपास माल्ट लागतो आणि मागे सात-आठ किलो ओला चोथा उरतो. त्यामुळे या विषयात मी देणारा आणि घेणारा दोन्ही आहे.

देणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट सांगावीशी वाटते. रस निथळून घेतल्यावर तो उकळतात आणि त्या वेळी त्यात हॉप्स ही कडवट फुले घालतात. उकळून झाल्यावर त्यांचा हिरवट गाळ वेगळा निघतो, पण साफसफाईच्या घाईत तो कधीकधी चोथ्याच्याच पोत्यात जातो. खताला त्याने अपाय होत नाही. कुत्र्यांना मात्र हॉप्स विषारी असतात, खाल्ले तर त्यांचा ताप झपाट्याने वाढतो आणि कुत्रा दगावू शकतो. धान्याच्या गोडसर वासाने कुत्री पोत्याकडे येतात, म्हणून सोसायटीत भटकी किंवा पाळलेली कुत्री असतील तर पोते उघड्यावर ठेवू नये आणि ब्रुअरीत 'फक्त निथळलेले धान्य द्या' असे स्पष्ट सांगावे.

घेणाऱ्याच्या बाजूने माझी चूक अशी की पहिल्या हिवाळ्यात मी दर महिन्याचा चोथा परसातल्या ढिगावर नुसता ओतत गेलो. इथे डिसेंबर ते मार्च ढीग दगडासारखा गोठलेला असतो, त्यामुळे वास नाही, माशा नाहीत आणि मला वाटले की सगळे सुरळीत चालले आहे. एप्रिलमध्ये बर्फ वितळले आणि चार महिन्यांचा चोथा एकाच आठवड्यात जागा झाला. परसदारी ताईंनी वर्णन केलेले दोन्ही वास मी त्या आठवड्यात ओळखले आहेत. तेव्हापासून मी शरद ऋतूतली पाने पोत्यांत भरून ठेवतो आणि प्रत्येक खेपेला चोथा आणि पाने एकत्रच ढिगावर जातात.

उन्हाळ्यात दुसरा मार्ग सोपा आहे. चोथा ताडपत्रीवर बोटभर जाडीने पसरून कडक उन्हात वाळवला तर वजन एक चतुर्थांश उरते आणि तो डब्यात महिनोन्महिने टिकतो. मग मृद्गंध म्हणतात तसा तो खरोखर पेंडीप्रमाणे, मूठभर घेऊन मातीत मिसळून वापरता येतो. थोडा विषयाबाहेरचा भाग असा की वाळवून दळलेल्या या पिठात भाजणी मिसळून मी थालीपिठे करतो. टरफलांमुळे पीठ दोनदा दळावे आणि चाळावे लागते, पण खमंग लागते. अर्थात तो चोथा माझ्या स्वतःच्या पातेल्यातला आणि त्याच दिवशीचा असतो; पोत्यातल्या मालाची थालीपिठे कोणी करू नयेत.

दावण (छत्रपती संभाजीनगर)

वाळवण्याचा मार्ग पुण्यात मार्च ते मे एवढाच खुला राहील, आणि कबुतरांनी राहू दिला तर. आमच्या शेडवर एकदा वाळत घातलेल्या चोथ्यापैकी अर्धा पारव्यांनी नेला होता. वर जुनी साडी किंवा जाळी अंथरावी.

परसदारी (पुणे)

सात आठवड्यांनी परत येते आहे, कारण अर्धवट राहिलेले धागे वाचताना मला स्वतःलाच चुटपुट लागते.

अमोनियाचा वास सहा दिवसांत कमी झाला आणि दहाव्या दिवशी पूर्ण थांबला. काकूंना मी गच्चीवर नेऊन पिंप दाखवले. त्यांनी पत्र मागे घेतले नाही, पण पुढचे लिहिलेही नाही. राखाडी अळ्या दुसऱ्या आठवड्यात इतक्या वाढल्या की पिंपाला कान लावला तर पावसाची रिपरिप ऐकू यावी तसा त्यांच्या खाण्याचा आवाज येत असे. चौथ्या आठवड्यात त्या रात्रीतून भोकांवाटे बाहेर पडू लागल्या आणि सकाळी गच्चीवर साळुंक्यांची पंगत बसू लागली. पिंपातला माल आता बसून निम्म्याखाली आला आहे. खोक्यांचे तुकडे दिसेनासे झाले, चिपाडे मात्र अजून ओळखू येतात.

खत तयार झाले की नाही हे पाहण्यासाठी मी वरच्या आणि तळाच्या मालाचे दोन वेगळे डबे भरले आणि प्रत्येकात मेथीचे पंचवीस दाणे पेरले. वरच्या डब्यात तेवीस उगवले. तळाच्या डब्यात अकरा उगवले आणि त्यांतल्या काहींची टोके पिवळी पडली. म्हणून वरचा भाग चाळून, मातीत एकास चार मिसळून वांग्यांच्या आणि मिरच्यांच्या कुंड्यांना दिला, आणि तळाचा भाग पानांबरोबर पुन्हा भरून ठेवला. गांडुळांच्या वाफ्यात कोपऱ्यात ठेवलेल्या ओंजळभर खताकडे ती तिसऱ्या दिवशी सरकली.

परवा ब्रुअरीतल्या त्याच कामगाराने पुन्हा पोते देऊ केले. मी घरून पाच लिटरची बादली घेऊन गेले होते, तेवढीच भरून घेतली आणि बाकीचे पोते जवळच्या एका गोठ्यातल्या माणसाला घेऊन जायला सांगितले. तो आता आठवड्यातून दोनदा टेम्पो आणतो.

रोपवाटिका (सातारा)

उत्तम धागा. एकच शंका आहे. असे खत कुंडीतल्या कागदी लिंबाला आत्ता घातले तर चालेल का? माझ्या झाडाला फुले येत आहेत.

मृद्गंध (राहुरी)

पिकलेले असेल तर दोन ओंजळी, बुंध्यापासून वीतभर दूर, मातीत कालवून घाला, त्याहून जास्त नको. नत्र फार झाले की लिंबू फुले गाळून पाने वाढवत बसते. बरोबर चिमूटभर राखही द्या, कारण पालाश यात कमी असते.